गजभिये सर आणि न आलेला बर्फ

ईरा, कबीर,

गेल्या रविवारी ईराचा टेक्सासमधल्या प्लेनोहून फोन आला. शाळेसाठी तिला कुटुंबातलं कोण कुठे राहिलं याचा नकाशा करायचा होता. मी सांगितलेलं गाव तिने फोनच्या नकाशात शोधलं, बोटांनी मोठं मोठं करत नेलं, आणि तिथे नुसता निळा रंग दिसला. "आजी, देअर इज नथिंग. आर यू शुअर तू तिथे राहिली होतीस?"

मला खात्री आहे. तुमचे आजोबा आता नाहीत, गजभिये सरही नाहीत, आणि नकाशानेही हात झटकले, तेव्हा हे मीच लिहून ठेवायला हवं. ईरा, तू आईकडून वाचून घे. कबीर, तू जर्सी सिटीत दर रविवारी मराठी शाळेत जातोस, तर स्वतः वाच. अडेल तिथे फोन कर.

अमेरिकेचा नकाशा छापतात तेव्हा अलास्का खाली कोपऱ्यात एका चौकटीत लहान करून बसवतात. गजभिये सरांना त्या चौकटीचा राग होता. "पाहा मॅडम, कसं डब्यात भरून ठेवलं आपल्याले," असं ते म्हणत. त्या चौकटीत वर, डावीकडे, जिथे किनारा रशियाच्या दिशेने वळतो, तिथे आमचं गाव होतं. गाव म्हणजे वाळूची एक लांब, अरुंद पट्टी. एका बाजूला उघडा समुद्र, दुसऱ्या बाजूला उथळ खाडी, एका टोकाला धावपट्टी. झाड एकही नाही. गावाबाहेर जाणारा रस्ताही नाही. आजोबा धावपट्टी उंच करण्याच्या कामावर इंजिनिअर म्हणून गेले आणि मी तिथल्या शाळेत इंग्रजी शिकवू लागले. भूगोल, विज्ञान आणि गरज पडेल तेव्हा बाकी सगळं शिकवायला गजभिये सर आधीपासून होते.

अशा ठिकाणी मराठी माणूस भेटेल असं मला वाटलंच नव्हतं. विमानातून उतरले तर गळ्यापासून कानापर्यंत लालभडक मफलर गुंडाळलेला एक उंच, किडकिडीत माणूस समोर आला आणि म्हणाला, "या या. पुण्याच्या ना तुम्ही? मग आधीच सांगून ठेवतो, इथे दुकान दुपारी बंद नसते."

ते नागपूरचे. इतक्या लांब कसे आलात, असं विचारलं तेव्हा म्हणाले, "जाहिरात वाचली. कोणी अर्ज करून नाही राहिलं असं दिसलं. आपण केला." एवढंच. पत्नी वारली होती. मुलगी प्राची, ईरा, तुझ्याच प्लेनोत नोकरीला होती. ती दर शनिवारी व्हिडिओ कॉलवर वडिलांना रागवायची. "बाबा, यार, मी तिकीट बुक करते आणि तुम्ही कॅन्सल करायला लावता. इथे या ना, मोठं घर आहे, रूम रेडी आहे." सर मफलर सारखा करत म्हणायचे, "बेटा, मी सत्तेचाळीस डिग्रीत वाढलो, इथे उणे तीसात राहतो. मधलं हवामान मले सोसत नाही."

शनिवारी ते सगळ्यांना तर्री-पोहे खिलवत. कॅरिबू नावाचं तिथलं हरीण ते सावजी मसाल्यात शिजवत. मी शाकाहारी, त्यामुळे नुसती वासाची धनी. पण त्या मांसाचा पहिला घास घेऊन आजोबांना जो घाम फुटला, तसा घाम त्या किनाऱ्यावर आधी कुणाला फुटला नसेल.

त्यांची शिकवण्याची पद्धत मी कुठल्याच शाळेत पाहिलेली नाही. वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक मुलाने घरातून एक वस्तू आणायची आणि ती गावात कशी आली ते सांगायचं. वर्गात जमिनीवर तीन ढीग व्हायचे. पहिला बार्जचा. समुद्र मोकळा असेल तेवढ्या उन्हाळ्यात ती सपाट मालबोट यायची आणि वर्षभराचं डिझेल, सिमेंट, तांदूळ, दारं-खिडक्या उतरवून जायची. ती चुकली तर वर्ष चुकलं. दुसरा ढीग विमानाचा. दूध, औषधं, अर्धी गोठलेली कोथिंबीर, टपाल. तिसरा किनाऱ्याचा. सीलचं तेल, सुकवलेले मासे, कातडं, टुंड्रावरची नारिंगी फळं. "बस, हे तुमच्या गावचं अर्थशास्त्र," सर सांगत. "आता कोणता ढीग काढून घेतला तर गाव आधी मरते, सांगा." मुलं दरवर्षी भांडत. सर उत्तर देत नसत.

पहिल्या वर्षी ते उत्तर त्यांनाही ठाऊक नव्हतं, असं त्यांनीच मला सांगितलं. ते त्यांना एडना आजीने शिकवलं, आणि तेही रागावून.

एडना शाळेच्या शेजारी राहायची. गावातली सर्वांत वडील बाई. सर तिला मराठीतच 'आजी' म्हणत, आणि तिनेही ते नाव लावून घेतलं होतं. सर नवे आले त्या हिवाळ्यात तिने एका निळ्या प्लास्टिकच्या डब्यात सुके मासे पाठवले. आता आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही. सरांनी दुसऱ्याच दिवशी डबा धुऊन, त्यात तिळाचे लाडू घालून परत केला. पुढच्या वेळी मांस आलं, सरांनी चकल्या पाठवल्या. मग फळं आली, सरांकडून साखरेचं पाकीट गेलं. मग डबा यायचाच थांबला. आणि नुसता तिचा नाही, गावातून कुणाचाच येईना. शिकारीहून होड्या परत आल्या की दारोदार वाटे जात, ते सरांचं दार वगळून पुढे जात. कुणी वाईट बोललं नाही. दुकानात लोक हसून नमस्कार करत. पण त्या किनाऱ्यावर वगळलं जाणं ही साधी गोष्ट नसते. कुठे बर्फ कच्चा आहे, वारा कधी फिरणार आहे, हेही त्याच दारांवरून कळतं.

शेवटी सर तिच्याकडे गेले. "आजी, माझं काय चुकलं?"

ती चाकूने मासा चिरत होती. वर न बघता म्हणाली, "मी काय दुकान आहे? मी दिलं की दुसऱ्या दिवशी तू फेडून टाकतोस. मला वाटलं, तुला आमचं काही अंगावर ठेवून घ्यायचं नाही."

"आमच्यात रिकामं भांडं परत देत नाहीत, आजी."

"आमच्यात भांडं परत मागत नाहीत," ती म्हणाली.

सरांनी हा प्रसंग मला कितीदा तरी सांगितला. "मॅडम, आईने शिकवलेली रीत पाळली आणि वाळीत पडलो. आम्हाले तर वाळीत पडायचा पिढ्यांचा अनुभव, पण चकलीमुळे पडलेला मी पहिलाच." त्यानंतरचा डबा त्यांनी खिडकीत ठेवून दिला. रिकामा. रोज तो दिसे आणि त्यांचे हात शिवशिवत. वसंतात एडनाच्या घराचं छप्पर वाऱ्याने उचकटलं, तेव्हा सर शिडी घेऊन वर चढले. डब्याबद्दल कुणी काही बोललं नाही. पुढच्या वर्षापासून वर्गात चौथा ढीग आला: शेजाऱ्याने दिलेल्या वस्तूंचा. तो सगळ्यांत मोठा असायचा.

एप्रिलमध्ये, बाहेर सगळं पांढरं असताना, सर जयंती साजरी करत. सगळ्या शाळेला खीर. मग ते मुलांना एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगत, ज्याला शाळेत पाण्याच्या भांड्याला हात लावू देत नसत आणि जो पुढे देशाचे कायदे लिहायला बसला. एका वर्षी एडना आजी मागे बसून ऐकत होती. लहानपणी तिला दूरच्या निवासी शाळेत नेलं होतं. गोष्ट संपल्यावर ती म्हणाली, "आम्हाला पाणी देत होते. आमची भाषा बोललो की मारत होते." सरांनी खिरीची दुसरी वाटी भरली आणि तिच्यासमोर नेऊन ठेवली. त्या दिवशी ती रिकामी वाटी तशीच घेऊन घरी गेली, आणि सर खूश झाले.

आता बर्फाबद्दल सांगते.

तुम्हाला बर्फ म्हणजे शाळेला सुट्टी. त्या गावाला बर्फ म्हणजे तटबंदी. शरद ऋतूत तिथे मोठी वादळं येतात. पूर्वी त्याआधीच किनाऱ्याला बर्फ धरायचा आणि लाटा त्याच्यावर आपटून तिथेच मरायच्या. आम्ही गेलो तोवर बर्फ उशिरा येऊ लागला होता. वादळं मात्र आपल्या वेळेवर येत. खाली जमीनही पूर्वीसारखी गोठलेली राहिली नव्हती, त्यामुळे लाट आली की किनारा ओल्या साखरेसारखा ढासळे.

सरांनी किनाऱ्याच्या कडेने मुलांकडून खुंट रोवून घेतले होते. समुद्राने वाहून आणलेल्या लाकडांचे. मुलांनी त्यांना नावं दिली होती. एक होता 'लंगडा', एक 'बार्ज कॅप्टन', एक सरांच्याच नावाने 'मिस्टर जी', कारण तो सर्वांत उंच आणि किडकिडीत होता. रोज सकाळी खिडकीशी उभं राहून सर आधी खुंटांची हजेरी घेत, मग मुलांची. सर नाव पुकारत, आणि ज्याला तो खुंट दिसेल तो ओरडे, "प्रेझेंट!" सुरुवातीला त्यात नुसता दंगा असे. मग एका सकाळी 'लंगडा'ला कुणी ओ दिली नाही. सरांनी पुन्हा पुकारलं. सगळ्यांनी काचेला नाकं लावली. मग एक मुलगी म्हणाली, "ॲबसेंट." आणि कुणी हसलं नाही.

त्या दिवशी मी त्यांना म्हटलं, "सर, मुलं घाबरतील अशाने."

"घाबरू द्या मॅडम. गाव हलणार आहे, हे त्यांनी मोठ्यांच्या कुजबुजीतून ऐकण्यापेक्षा खिडकीतून पाहिलेलं बरं."

गाव हलणार हे ठरलेलंच होतं. खाडीपलीकडे आत एक खडकाळ टेकडी होती, तिथे. पण नवी घरं, नवी टाकी, नवी शाळा हे सगळं कुणाच्या तरी मंजुरीवर अडलेलं. सरांना एकाच गोष्टीची धास्ती होती, आणि ती पाण्याची नव्हती. "गाव टेकडीवर गेलं तर जगलं," ते म्हणत. "पण त्याआधी वादळ आलं, तर सगळ्यांले विमानात घालून शहरात नेतील. कोणी या मोटेलात, कोणी त्या मोटेलात. शहरात तीन ढीग मिळतात मॅडम, चौथा नाही मिळत. आणि एकदा सुटलेले लोक परत गोळा होत नाहीत."

त्या वर्षी कोठ्याही गेल्या. गोठलेल्या जमिनीत खोल खणलेल्या खोल्या असतात, त्यात वर्षभराचं मांस राहतं. एडना आजीच्या कोठीत पाणी शिरलं. मी पाहायला गेले तेव्हा झाकण उघडून ती शेजारी बसली होती, आणि तो वास सगळ्या गल्लीभर होता. ती म्हणाली, "माझ्या आजोबांनी खणली होती." सर तिच्याजवळ मांडी घालून बसले. त्या संध्याकाळी निळा डबा त्यांच्या दाराशी आला. आत मांस नव्हतं, मूठभर फळं होती. मी म्हटलं, "तिच्याकडेच काही उरलेलं नाही, आणि तुम्ही ठेवून घेतलंत?" ते माझ्याकडे पाहून म्हणाले, "आज परत दिलं तर ती खरंच गरीब होईल."

दिवाळी आली. मी पणत्या लावल्या. समुद्र अजून काळा होता. सर महिनाभर रोज काठावर जाऊन येत आणि दारातच बूट झटकत सांगत, "बर्फ येऊन नाही राहिला." पहिल्यांदा ते तक्रारीच्या सुरात म्हणाले, मग सवयीने, आणि मग इतक्या हळू की मलाच विचारावं लागे, "काय म्हणालात?"

वादळ भाऊबीजेच्या दिवशी दुपारी आलं. इशारा होता, त्यामुळे सगळं गाव शाळेत जमलं होतं; तीच इमारत खांबांवर उंच होती. करड्या उजेडात समुद्र कुठे संपतो आणि आकाश कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. लहान मुलं रडायला लागली तसे सर खिडकीशी गेले आणि नेहमीच्या आवाजात हजेरी घेऊ लागले.

"बार्ज कॅप्टन?"

"प्रेझेंट!" तो अजून होता. वाकलेला, पण होता.

सरांनी पुढचं नाव घेतलं. उत्तर आलं नाही. त्याच्या पुढचं. नाही. मग त्यांनी पुकारलं, "मिस्टर जी?"

मुलं काचेतून बघत राहिली. शेवटी तीच मुलगी, जिने 'लंगडा'ला गैरहजर म्हटलं होतं, सरांचा कोट धरून म्हणाली, "मिस्टर जी इज हिअर."

सर हसले. मराठीत मला म्हणाले, "खोटी हजेरी लावली पोरीने." तेवढ्यात कुणीतरी ओरडलं की पाणी खाडीच्या बाजूनेही चढतंय. मग डिझेलचा वास आला आणि सगळ्यांना कळलं की टाकीचे नळ तुटले.

माणूस एकही गेला नाही. घरं गेली. काही पाण्यात, काही नुसती तिरकी झाली, आणि राहण्याजोगी नसलेली घरं उभी दिसणं जास्त वाईट होतं. आजोबांनी उंच केलेली धावपट्टी तेवढी पाण्यावर राहिली, म्हणून विमानं उतरू शकली.

सरांना ज्याची धास्ती होती तेच पुढ्यात आलं. शहरातून निरोप आला, सगळ्यांची सोय होईल, या. शाळेच्या जिममध्ये गाव बसलं. मी सरांना म्हटलं, "तुम्ही बोला ना. तुमचं ऐकतील."

"मी पाहुणा आहे मॅडम. मत त्यांचं."

एडना आजी उठली. "शहरात मला खोली देतील," ती म्हणाली. "पण माझा डबा कुणाच्या दारात ठेवू? तिथे लोकांना वाटेल, कुणीतरी कचरा ठेवून गेलं." कुणीतरी हसलं, मग बायका रडायला लागल्या. बरीच भांडाभांड झाली. एक बाप म्हणाला, लेकरं थंडीत मेली तर तुमचे डबे काय कामाचे? त्याचंही खरं होतं. शेवटी असं ठरलं की आजारी माणसं, तान्ही मुलं आणि त्यांच्या आया शहरात जातील. ज्यांच्यात ताकद आहे त्या कुटुंबांनी टेकडीवर तंबू आणि मालाचे लोखंडी कंटेनर यांत हिवाळा काढायचा. म्हणजे जागा रिकामी राहणार नाही आणि बाकीच्यांना परत यायला गाव असेल.

एडना आजी टेकडीवर जायला निघाली. तिला कुणी अडवू शकलं नाही.

प्राचीने पुन्हा तिकीट काढलं होतं. फोनवर ती रडत होती. "बाबा, प्लीज. आता तरी." सर म्हणाले, "बेटा, टेकडीवर शाळेची पोरं आहेत. मास्तर तिथेच ना? हे कॅन्सल कर. उन्हाळ्यात येतो." तिने चिडून फोन ठेवला.

आजोबांचं काम संपलं होतं. आम्ही मिशिगनमधल्या ॲन आर्बरला राहायला निघालो होतो; विमान सकाळी होतं. सर धावपट्टीवर आले, तोच लाल मफलर, आणि काखेत निळा डबा. तो त्यांनी माझ्या हातात दिला. आत टुंड्रावरची नारिंगी फळं होती.

"एडना आजीने दिली. शाकाहारी बाईसाठी."

"अहो, त्यांना आत्ता हवीत ही! मी ॲन आर्बरला पोचले की लगेच काहीतरी..."

"हेच," सर म्हणाले. "हेच नाही करायचं. पुणेकर आहात, माहीत आहे मले. पोचल्याबरोबर डबा घासून, भरून, कुरिअर कराल. नका करू. राहू द्या तुमच्याकडे. ती म्हणते, जिथे जिथे आमचे डबे आहेत तिथवर आमचं गाव आहे."

मी म्हटलं, "सर, तब्येतीला जपा."

"बर्फ आला की सगळं ठीक," ते म्हणाले.

विमान वळलं तेव्हा मी खिडकीतून पाहिलं. ते परत जात नव्हते. जिथे खुंट होते त्या बाजूला, ढासळलेल्या काठाशी, विमानाकडे पाठ करून उभे होते, समुद्राकडे बघत. खाली पाणी काळंच होतं. मफलर दिसेनासा होईपर्यंत मी पाहत होते.

बर्फ पुढे आला, फार उशिरा. सर उन्हाळ्यापर्यंत राहिले नाहीत. वसंतात टेकडीवरच, शाळेच्या कंटेनरमध्ये शिकवताना खुर्चीत बसले ते उठले नाहीत. प्राची लगेच टेकडीवर पोचली. तिने मला नंतर सांगितलं की ती तिथे होती तेवढे दिवस दाराबाहेर रोज कुणाचा ना कुणाचा डबा येत होता, आणि तिने एकही परत केला नाही, कारण बाबांनी फोनवर ती गोष्ट तिला शंभरदा ऐकवली होती.

शहरात गेलेल्यांपैकी काही परत आले, काही आले नाहीत. सर म्हणाले होते तसंच थोडंफार झालं. एडना आजी आता फार थकली आहे. तिची नात शिकवते. 'मिस्टर जी इज हिअर' म्हणणारी ती मुलगी हीच.

ईरा, तुझ्या नकाशात निळं दिसतं ते बरोबर आहे. त्या वाळूच्या पट्टीवर आता धावपट्टीचा एक तुकडा तेवढा उरला आहे. खाडीपलीकडे, आत, टेकडीवर घरं आहेत, शाळा आहे, आणि वर्गात अजून चार ढीग करतात. निळा डबा माझ्या ॲन आर्बरच्या खिडकीत आहे. रिकामा आहे, आणि मी तो परत केलेला नाही.